सिस्टरना सोबत हवी

डेपोच्या दवाखान्यातल्या सिस्टरला दर चार-सहा महिन्यांनी नवा माणूस लागतो, अशी कुजबुज होती. कुजबुज म्हणायची ती आपली रीत म्हणून. तिकीट खिडकीपासून टायरच्या गोदामापर्यंत सगळ्यांना ती तोंडपाठ होती. सिस्टर जवळून गेल्या की आवाज तेवढा खाली यायचा. आधी म्हणे वर्कशॉपचा हेडमेकॅनिक होता. त्याच्यानंतर कॅन्टीनचा आचारी. आणि आता पावणेआठ. धड उजाडलेलंही नसताना डेपोच्या मागच्या भिंतीकडेने दोघं जोडीने जातात, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी जास्त रंगवून सांगितलं.

पावणेआठ हे माणसाचं नाव. आईबापांनी दुसरं काही ठेवलं असणारच, पण ते पगाराच्या कागदाबाहेर कोणी कधी वापरलं नाही. ज्या वर्षी त्याचं लग्न झालं, त्याच वर्षी सकाळी पावणेआठला सुटणारी लांब पल्ल्याची बस त्याच्या हातात आली, आणि दोन्ही संसार त्याने एकाच तोऱ्यात हाकले. रस्त्यावरचे दुकानदार त्याचा हॉर्न ऐकून दुकानं उघडायचे. आवाज तर त्याचा असा, की हॉर्न बिघडला तरी अडायचं नाही. वर्षानुवर्षं बसून बसून पोट इतकं पुढे आलं होतं की स्टिअरिंग त्याच्यावरच टेकायचं. कंडक्टर म्हणायचा, "दादांनी हात सोडले तरी गाडी वळेल, नुसता श्वास घेतला म्हणजे झालं."

डेपोत वर्षातून एकदा ड्रायव्हर मंडळींची तपासणी असे. तिला सगळे मेडिकल म्हणत, आणि परीक्षेला भ्यावं तसे भीत. बीपीचा आकडा वर गेला तर गाडी हातातून जायची. म्हणून मंडळींनी आपापसात उपाय शोधून ठेवले होते. आदल्या दिवशी बायकोशी बोलायचं नाही, हा एक. दंडाला पट्टा बांधला की श्वास रोखून धरायचा, हा दुसरा. आणि सकाळी उपाशीपोटी कच्चा लसूण चावून यायचं, हा रामबाण. त्या आठवड्यात सिस्टर दवाखान्यात आल्या की आधी खिडक्या उघडत आणि मग यंत्र काढत. कोण किती घाबरलाय हे त्यांना पट्टा बांधण्याआधी वासावरूनच कळे.

त्या वर्षी पावणेआठने लसणाचा अख्खा गड्डा चावला होता. तरी आकडा उतरेना. पुन्हा मोजला, तरी तोच.

डॉक्टर वयाने लहान, पण माणूस मनापासून काम करणारा. त्याने कागदावर रक्तवाहिनीचं चित्र काढलं, ती कुठे अरुंद होते ते दाखवलं, मीठ, तळण, वजन, चालणं सगळं नीट समजावून सांगितलं. पावणेआठ मान हलवत होता. डोळे डॉक्टरांवर आणि कान बाहेर. चार नंबरच्या फलाटावरून कोण गिअर खरवडत गाडी काढतोय, इकडे सगळं लक्ष.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "ही गोळी रोज घ्यायची आणि चालायचं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. उतरलं नाही, तर गाडी देता यायची नाही मला."

हे मात्र ऐकू आलं. गाडी गेली की चौकशीची खिडकी, हे डेपोत पोरासोरांनाही माहीत. काचेमागे बसायचं आणि पावणेआठची गाडी किती वाजता सुटते, हे लोकांना सांगत राहायचं. म्हणजे स्टिअरिंगवर दुसऱ्याचे हात, आणि आपण जिवंतपणीच फोटो होऊन भिंतीवर लटकायचं. पावणेआठ बाहेर आला तो हवा उतरलेल्या टायरसारखा.

तरी चालायचं काही त्याच्या मनात नव्हतं. चालण्याविरुद्ध त्याच्याकडे कारणांची रास होती. गुडघा दुखतो, बूट चावतो, सकाळी वेळ नसतो आणि संध्याकाळी जीव नसतो. कंडक्टरला म्हणाला, "माझी गाडी दिवसभर चालते, ते काय कमी आहे?"

आता सिस्टरविषयी थोडं सांगायला हवं. बाई ठेंगणी, पन्नाशीच्या आसपासची, चटचट चालणारी. छातीवर उलटं लटकवलेलं घड्याळ आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यातल्या उजव्या बुटाला करंगळीपाशी भोक. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर डेपोच्या मागच्या अंगाला राहायच्या. बहीण शाळेत शिकवायला जायची, तीही पावणेआठच्याच गाडीने. डेपोत यायच्या आधी सिस्टरनी एका मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलं होतं, अर्धांगवायू झालेल्यांच्या वॉर्डात. तिथे पडलेला जो तो वाकड्या तोंडाने एकच वाक्य बोलायचा: सिस्टर, आधी कोणी सांगितलं असतं तर. आणि पायाशी बसलेली बायको हळूच म्हणायची, सगळ्यांनी सांगितलं होतं हो. डॉक्टरनी सांगितलं, मी सांगितलं, पोरांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सिस्टरनी हे इतक्या वेळा ऐकलं की एक दिवस त्यांनी सांगणंच सोडून दिलं. सांगायचं काम डॉक्टरांचं; ते लागतंच, आणि आपला डॉक्टर ते छान करतो, असं त्या म्हणत. त्यांनी स्वतःकडे दुसरं काम घेतलं. पेशंट गोळ्या घ्यायला खिडकीशी आला, की त्या त्याच्याकडे काहीतरी मागत. जकात नाक्यावरचा माणूससुद्धा इतक्या सहज मागणार नाही. हिशेबनीस चहाच्या प्रत्येक सुटीत सिगारेट ओढायचा. त्याला म्हणाल्या, मागच्या अंगणातल्या कुंड्या वाळून चालल्यात, चहाच्या सुटीत जरा पाणी घालाल का? अंगण दवाखान्याचं, तिथे ओढायला बंदी. बिचारा कुंड्यांत असा गुंतला की पुढे कलमं करायला लागला आणि सिगारेट कधी सुटली ते त्याचं त्यालाच सांगता येईना. सुंठीवाचून खोकला गेला, आणि तोही खराखुरा.

तर पावणेआठ खिडकीशी आला. सिस्टरनी गोळ्यांची पुडी दिली आणि कशी घ्यायची ते सांगितलं. चालण्याबद्दल अवाक्षर नाही.

"पावणेआठ, एक काम होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"बोला की."

"मला कुत्र्यांची फार भीती वाटते."

पावणेआठला आधी काही समजेना. मग सिस्टरनी खालच्या आवाजात सांगितलं की सकाळी सहाला घरून निघावं लागतं, मागच्या भिंतीची गल्ली सुनसान असते आणि मोकाट कुत्री तिथे ठाण मांडून बसतात. आधी आचारी सोबत यायचा, पण त्याची आता दुपारची पाळी झाली. "दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं. पण तुमचा आवाज मोठा आहे."

झालं. डॉक्टरांनी चित्र काढून जे साधलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं. स्वतःच्या जिवासाठी उंबरा ओलांडायला कुरकुरणारा माणूस दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच सिस्टरच्या फाटकाशी हजर. हातात काठी हवी म्हणून मोडीत निघालेल्या बसच्या पडद्याची दांडी काढून आणली होती.

पहिल्या दिवशी भिंतीच्या टोकाशीच त्याला धाप लागली. सिस्टर बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या आणि नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशीही त्याच जागी सुटली. पुढे पावणेआठची धाप गेली, तेव्हापासून सिस्टरची नाडीही सुटेनाशी झाली, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सरळ गल्लीने गेलं तर दवाखाना अगदी जवळ. पण पंधरवडा झाला आणि सिस्टरनी सांगितलं की गल्लीत एक कुत्री व्यालीय, पिल्लांजवळून जायला नको, पाण्याच्या टाकीला वळसा घालून जाऊ. पावणेआठने मान डोलावली. व्यालेल्या कुत्रीच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये, हे त्यालाही पटलं. महिना होतो न होतो, तर एक तांबडा कुत्रा टाकीशी येऊन राहिला, म्हणून शाळेच्या मैदानाला फेरी घालून जायची वेळ आली. आणि तो तांबडा अधूनमधून मागे येतो असं सिस्टरना वाटे. "पावणेआठ, भरभर चला, मला पावलांचा आवाज येतोय." मग दोघंही भरभर चालत. डेपोतली कुत्री मोठी हुशार. पावणेआठचा पाय जरा मोकळा झाला की लगेच जागा बदलायची.

एक गोष्ट मात्र पावणेआठ अभिमानाने सगळ्यांना सांगे. कुत्री त्याला वचकून होती. जवळ यायची, पण भुंकायची नाहीत. दोन हातांवर येऊन गपकन खाली बसायची. "दांडी नुसती दाखवायची," तो कंडक्टरला म्हणायचा, "मारावी लागतच नाही. नजर लागते." कंडक्टर म्हणाला, "दादा, नजर कोणाची कोणाला लागलीय, ते डेपोत वेगळंच बोलतात." पावणेआठ त्याच्यावर इतका ओरडला की फलाटावरच्या प्रवाशांना गाडी सुटली असं वाटलं.

पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बोलणं फिरत फिरत पावणेआठच्या घरासमोरच्या मावशींपर्यंत गेलं. मावशींच्या पोटात गोष्ट राहिली तर त्यांना ओकारी येते. त्या भांडं परत करायच्या निमित्ताने वहिनींकडे आल्या, वहिनी म्हणजे पावणेआठची बायको, आणि आपल्याला काही बोलायचं नाही असं सांगून तासभर बोलल्या.

वहिनी शांत बाई. पण दुसऱ्या दिवशी नवरा बाहेर पडला तशी त्यांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि अंतर ठेवून मागे निघाल्या. भिंतीआडून पाहिलं, टाकीआडून पाहिलं, मैदानाच्या कुंपणाआडून पाहिलं. पुढे आपला नवरा, छाती काढून, दांडी खांद्यावर घेऊन, बँडच्या पुढे चालावं तसा. दोन पावलं मागे सिस्टर. आणि सिस्टरच्या मागे तो तांबडा कुत्रा आणि त्याची सगळी मित्रमंडळी, शेपट्या हलवत. सिस्टरचा हात एप्रनच्या खिशात जाई आणि मागच्या मागे काहीतरी खाली पडे.

वहिनी घरी आल्या आणि पोट धरून हसल्या. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही. तुमच्या दांडीचा फार धाक आहे म्हणे." पावणेआठने मिशीवरून हात फिरवला.

चार दिवसांनी वहिनी डोकं दुखतंय असं सांगून दवाखान्यात गेल्या. सिस्टरनी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. वहिनींनी तोंड उघडलं तशी सिस्टरनी ओठावर बोट ठेवलं; पट्टा फुगत असताना बोलायचं नसतं. वहिनींना पोटात गोष्ट घेऊन तशीच बसून राहावं लागलं. पट्टा सैल झाला, आकडा चांगला निघाला.

वहिनी काही म्हणायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच येणार होते. माझ्या बहिणीला मीठ कमी करायचंय आणि माझ्या हाताला चव नाही. तुमच्या हाताची पावणेआठ फार तारीफ करतात. कमी मिठात चव कशी आणायची, बघून सांगाल?"

"बहिणीला कमी करायचंय?"

"हो."

"आणि कुत्र्यांची भीती तुम्हाला?"

"फार."

 वहिनींनी उठून पदर सारखा केला. "बघते मग. बहिणीसाठी बघते."

त्या दिवसापासून घरात प्रयोग सुरू झाले. लिंबू, मिरपूड, भाजलेला कांदा, आलं, बागेतला हिरवा पाला. पहिल्या घासाला पावणेआठने ताट सरकवलं. वहिनींनी ते परत त्याच्यापुढे ओढलं. सिस्टरच्या बहिणीचा प्रश्न आहे, त्यांनी सांगितलं. तोंड वाकडं करायचं नाही, काय कमी पडलं तेवढं सांगायचं. आता मत विचारल्यावर कोण उपाशी राहील? पावणेआठ परीक्षक झाला. आज लिंबू जास्त, आज आलं बेताचं, कालचं बरं होतं. महिन्याभरात त्याला कॅन्टीनचं कालवण खारट लागायला लागलं, आणि आचाऱ्याशी त्याने त्यावरून भांडणही केलं.

होता होता तीन महिने भरले.

पुन्हा मोजायच्या दिवशी पावणेआठ दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या तोंडाला लसणाचा वास नव्हता. पोट बरंच आत गेलं होतं. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. पण दारातून चौकशीची खिडकी समोर दिसत होती. तिथे बसणारा म्हातारा ड्रायव्हर कोणाला तरी काचेतून सांगत होता, पावणेआठ, चार नंबर. 

डॉक्टर आतल्या खोलीत दुसऱ्याला तपासत होते. सिस्टर एकट्याच होत्या. पावणेआठ त्यांच्या टेबलाशी गेला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"सिस्टर, एवढे दिवस तुम्हाला सोडलं. मी कधी काही मागितलं नाही."

"नाही मागितलं."

"आकडा वर आला, तर थोडा खाली लिहा. एवढं एकच काम करा माझं."

सिस्टरनी हातातला पट्टा टेबलावर ठेवला. माणसांकडे कामं मागण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यांच्याकडे कोणी मागितलं तर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. तरी म्हणाल्या.

"नाही. तुमच्या मागे गाडीभर माणसं बसतात. त्यात माझी बहीण असते."

पावणेआठने बाही वर सारून दंड पुढे केला.

"आणि मी मोजणारही नाही," सिस्टर म्हणाल्या. "लोक काय बोलतात ते मलाही ऐकू येतं. डॉक्टर मोजतील."

डॉक्टरनी मोजलं. आकडा वर होता. आधीसारखा नाही, पण हद्दीच्या पलीकडे. डॉक्टरांचा चेहरा पडला. पावणेआठचा तर उरलाच नव्हता.

सिस्टर दारातून म्हणाल्या, "डॉक्टर, ते आत्ता आलेत. थोडं बसवून पुन्हा बघायचं का?" हे काही मेहरबानीचं नव्हतं, नियमातलंच होतं, घाबरलेल्या माणसाला सगळ्याच दवाखान्यांत बसवून पुन्हा मोजतात. डॉक्टरनी मान हलवली.

सिस्टरनी त्याला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. पाठ टेकवायला सांगितली, पाय जमिनीवर, हात उशीवर. तो काही बोलायला गेला तसं पुन्हा ओठावर बोट.

"बोलू नका. मनातल्या मनात मला सोडायला चला. फाटकापासून निघा. घाई नको."

पावणेआठने डोळे मिटले. फाटक लागलं, त्याची कडी लागली. भिंत, भिंतीवरचं शेवाळ. मोडीतल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, त्यातली एक त्याचीच जुनी. टाकीच्या गळक्या नळाचा आवाज आला. मैदानावर दव होतं. तांबडा कुठे दिसेना, मग दिसला, कुंपणाशी, दोन हातांवर येऊन बसला. पावणेआठ दवाखान्याच्या पायरीशी पोचला तेव्हा दंडावरचा पट्टा फुगून सैलही झाला होता.

"बसलं," डॉक्टर म्हणाले. "हद्दीत आहे. गोळी मात्र सोडायची नाही." मग त्यांनी पट्टा सोडवून हातात हात घेतला आणि अभिनंदन केलं, तेव्हा पावणेआठने खोलीच्या काचा हलतील असा हॉर्न दिला. तोंडाने.

गाडी त्याचीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा दांडी घेऊन फाटकाशी गेला, तर सिस्टर म्हणाल्या, "एक काम होतं."

बुकिंगच्या कॅशिअरबाई पलीकडच्या वस्तीतून चालत येऊ शकतात, पण रिक्षाने येतात. त्यांनाही कुत्र्यांची भीती. पावणेआठने त्यांना सोडलं तर बरं होईल, त्याच्या दांडीचं त्यांनी ऐकलंय.

पावणेआठला वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. "आणि तुम्हाला कोण सोडणार?"

"टायरवाला येतो म्हणालाय. परवा त्याची साखर तपासली, तेव्हा विचारलं."

कॅशिअरबाईंबरोबर तो दुसऱ्याच दिवशी दिसला आणि मावशी लगोलग भांडं परत करायला आल्या. वहिनींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. सिस्टरपेक्षा या दिसायला बऱ्या आहेत." मावशींचा चहा नाकात गेला.

काही दिवसांनी वहिनींनी मिरपूड आणि सुक्या पाल्याचं वाटण बरणीत भरून दिलं, सिस्टरच्या बहिणीसाठी. पावणेआठ ते घेऊन संध्याकाळी सिस्टरच्या घरी गेला. इतके दिवस तो फाटकापाशीच थांबलेला. आत पहिल्यांदाच जात होता. दार उघडंच होतं. सिस्टर आरामखुर्चीत बसल्या होत्या, बूट काढून, आणि त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून वासराएवढा एक काळा कुत्रा घोरत होता.

पावणेआठने कुत्र्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.  त्याने बरणी टेबलावर ठेवली. दाराशी वळून म्हणाला, "बांधून ठेवत जा सिस्टर. तुम्हाला भीती वाटते."

सकाळी तो दांडी घेऊन कॅशिअरबाईंकडे गेला, आणि पुढेही जात राहिला.

सिस्टरना कुत्र्यांची भीती कधीच नव्हती. त्यांच्याबरोबर पहाटे जी माणसं चालत, त्यांतल्या कोणाला बीपी होतं आणि कोणाला साखर.